दिएगो

दिएगो : स्पॅनिश भाषेतील पुरुषाचे नाव. मराठी वृत्तपत्रांत ‘डिएगो’ असेही छापतात. पण स्पॅनिशमधला उच्चार दंत्य ‘द’चा, म्हणून येथे दिएगो. पोर्तुगीज रूप दिओगो. मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत हे नाव ‘दिदाकुस’ असे येते आणि अभ्यासकांचा कल तेच मूळ मानण्याकडे आहे. ‘सांतियागो’ची (संत याकोब) चुकीची फोड होऊन दिएगो निघाले, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड, पुराव्याला लंगडी.

लोकांना मात्र तीच पटत आली. दिएगो आणि सांतियागो यांची गाठ एका चित्रातही पडते : सेव्हिलचा चित्रकार दिएगो वेलास्केस (१५९९–१६६०) याने ‘लास मेनिनास’मध्ये (१६५६) स्वतःलाही रंगवले आहे. हातात कुंचला, छातीवर तांबडा क्रूस. हा क्रूस सांतियागो सरदारसंघाचा. त्या संघात त्याला प्रवेश मिळाला १६५९ मध्ये. म्हणजे क्रूस चित्रात मागाहून आला. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा (१८८६–१९५७) हाही याच नावाचा.

जुन्या स्पेनमध्ये दिएगोचा मुलगा तो दीआस. अकराव्या शतकातील वीर एल सिद याचे नाव रोद्रिगो दीआस, कारण बाप दिएगो. त्याच्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले आणि तो झाला दिएगो रोद्रिगेस. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. पोर्तुगिजांबरोबर हेच आडनाव भारतात आले : गोव्यातले आणि वसईतले डायस ते हेच. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कौतो १६१६ मध्ये गोव्यातच वारला.

फुटबॉलमध्ये दिएगो म्हटले की आडनाव विचारावे लागत नाही. दिएगो आर्मांदो मॅराडोना (१९६०–२०२०) हा ब्युनोस आयर्सजवळच्या लानुसमध्ये जन्मला. वडिलांचे नावही दिएगोच. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध ५१व्या मिनिटाला त्याने हाताने गोल केला आणि चार मिनिटांनी मैदानाच्या अर्ध्यातून चेंडू एकट्याने नेत दुसरा. पहिला लबाडीचा, दुसरा अजोड. अर्जेंटिनाला दोन्ही प्रिय. त्याने नापोलीला १९८७ व १९९० साली इटलीचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच्या मृत्यूनंतर तेथील स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले.

इतरांत दिएगो सिमेओने (जन्म १९७०) हा अर्जेंटिनाचा माजी मधल्या फळीतला खेळाडू. त्याच्या प्रशिक्षणाखाली आत्लेतिको माद्रिदने २०१४ व २०२१ साली स्पॅनिश लीग जिंकली. दिएगो मिलितोने २०१० च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात इंटरचे दोन्ही गोल केले. दिएगो कोस्ता जन्माने ब्राझीलचा, विश्वचषक खेळला स्पेनकडून. उरुग्वेचा दिएगो फोर्लान (जन्म १९७९) २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ साली तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळला आणि अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. तो सामना मुंबईने ५–० असा जिंकला.