मृत्यूचे कारण आणि साथींचा इतिहास : इन्फ्लुएन्झापासून कोविडपर्यंत

साथींच्या इतिहासाच्या अभ्यासकाला मृत्युनोंदींवाचून गत्यंतर नाही. परंतु या नोंदींच्या कोष्टकांत एका मृत्यूस सामान्यतः एकच कारण दिलेले असते. रोग मात्र कोष्टकातील रकान्यांची मर्यादा पाळत नाही. श्वसनमार्गाने शरीरात शिरणारा कोविड-१९ हृदय व रक्तवाहिन्या यांनाही बाधतो, ही गोष्ट २०२० साली अनेकांस नवी वाटली. वास्तविक श्वसनरोगाच्या साथी आणि हृदयरोग यांच्या संबंधाची पूर्वपीठिका पावणेदोनशे वर्षांची आहे. आणि हा संबंध सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यापूर्वी मृत्यूंच्या बेरजांत दिसला.

इंग्लंडच्या महानिबंधकांच्या कचेरीतील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८४७ सालच्या लंडनमधील इन्फ्लुएन्झाच्या साथीचा हिशेब मांडला. त्यांनी केवळ त्या रोगाच्या नावावर पडलेले मृत्यू मोजले नाहीत; एरव्ही त्याच काळात जितके मृत्यू होतात त्यांहून किती अधिक झाले, हे पाहिले. हे आधिक्य इन्फ्लुएन्झाच्या रकान्यातील आकड्याहून मोठे निघाले व ते इतर रोगांच्या रकान्यांतही विखुरलेले आढळले. 'अतिरिक्त मृत्यू' ही संकल्पना पुढे रूढ झाली ती या मार्गाने.

हिंदुस्थानात १९१८ च्या साथीने या पद्धतीची गरज विशेष प्रकर्षाने दाखविली. मृत्यूच्या नोंदी खेडोपाडी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या लोकांकडून होत असल्यामुळे इन्फ्लुएन्झाचे बहुसंख्य बळी 'ताप' या सदराखाली गेले. एक कोटीहून अधिक मृत्यूंचा अंदाज पुढे काढावा लागला तो या आधिक्यावरूनच. तथापि अशा नोंदींतून हृदयरोगाचा माग काढणे अशक्य होते. ते काम अमेरिकेत झाले. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ साली असे दाखविले की, इन्फ्लुएन्झाच्या साथींत हृदयरोगाच्या नावे नोंदलेले मृत्यूही वाढतात.

अर्थात दोन आकडे एकाच वेळी वाढले, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. थंडीचे दिवसही हृदयरोग्यास बाधतात. हा आक्षेप दूर करण्याचा एक उपाय म्हणजे रुग्णाची तुलना त्याच्याशीच करणे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ही रीत अवलंबून हृदयविकाराच्या ३६४ झटक्यांची छाननी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण त्याच रुग्णांच्या इतर काळातील प्रमाणाच्या सुमारे सहापट आढळले.

रक्तवाहिनीत गुठळी का होते, याची मीमांसा त्याहून जुनी आहे. वाहिनीच्या भिंतीस इजा, रक्तप्रवाहाची मंदता आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती हे त्रिक १८५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या संशोधनाशी जोडले जाते. कोविडमध्ये ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. सार्सचा विषाणू एसीई-२ या प्रथिनाच्या द्वारे पेशीत शिरतो, हे २००३ साली समजले होते. त्याच कुळातील नवा विषाणूही तेच द्वार वापरतो. एप्रिल २०२० मध्ये झुरिच येथील संशोधकांनी वाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींत विषाणू दिसल्याचे जाहीर केले. ते कण विषाणूचेच काय, यावर लगेच वाद उपस्थित झाला. अस्तराला सूज येते व गुठळ्या होतात, हे मात्र अन्यत्रही दिसून आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनात्मक अभ्यासात कोविडच्या सात आणि इन्फ्लुएन्झाच्या सात रुग्णांची फुप्फुसे तुलनेस घेतली होती. केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊपट आढळल्या.

ही बाधा ज्वर उतरताच संपते असेही नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदींवर आधारलेला, १,५३,७६० कोविडग्रस्तांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीस दिवसांनंतरच्या वर्षभरात हृदयाची अकार्यक्षमता, पक्षाघात व हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांचे प्रमाण बाधा न झालेल्यांहून अधिक होते. रुग्णालयात दाखल न झालेल्यांतही ही वाढ दिसली. मात्र या समूहात उतारवयीन गौरवर्णी पुरुषांचाच भरणा असल्याने हे प्रमाण सर्व समाजास जसेच्या तसे लावता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे १ कोटी ४९ लाख दिला. कोविडच्या नावे नोंदलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. या तफावतीचा अर्थ लावताना दोन टोके टाळणे अगत्याचे आहे. अतिरिक्त ठरलेला प्रत्येक हृदयरोगाचा मृत्यू विषाणूच्या माथी मारता येत नाही, कारण साथीच्या धास्तीने झटका आलेले रुग्णही अनेक देशांत रुग्णालयापर्यंत पोहोचले नाहीत. उलट, ज्याच्या नोंदीत केवळ 'हृदयविकार' लिहिले आहे, तो साथीचा बळी नव्हताच, असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. फार यांनी रकाने ओलांडून बेरीज पाहण्याची जी शिस्त घालून दिली, तिला शरीरशास्त्राची जोड मिळाली, हे या अलीकडील साथीचे वैशिष्ट्य होय. जुन्या साथींच्या नोंदी पुन्हा वाचताना ही जोड उपयोगी पडणार आहे.