चाकं मोजून वाचलेला इतिहास

१० फेब्रुवारी १८६० रोजी तापीपलीकडच्या उत्राणहून अंकलेश्वरला पहिली गाडी धावली. म्हणजे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची सुरुवात मुंबईत नव्हे, सुरतेच्या वेशीवर झाली. मुंबईला हा रूळ पोचला १८६४ मध्ये. या रेल्वेचा इतिहास सांगताना तारखा आणि साहेबांची नावं पुष्कळ येतात. मला वाटतं, एकदा इंजिनाची चाकं मोजून पाहावीत.

वाफेच्या इंजिनाची ओळख तीन आकड्यांत सांगतात. ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रेडरिक व्हाइट यांची. पुढची छोटी चाकं वळणावर वाट दाखवतात, मधली जोडलेली मोठी चाकं ओढतात, मागची भट्टीचा भार पेलतात. दोन-चार-शून्य म्हणजे मागे चाकंच नाहीत. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली इंजिनं अशीच होती.

पुढे कामं वाटली गेली. स्वातंत्र्यानंतरचं डब्ल्यूपी पाहा: चार-सहा-दोन. ओढणारी चाकं सहा, पण उंची ५ फूट ७ इंच; एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणून मेलगाडीला. डब्ल्यूजी दोन-आठ-दोन. त्याची चाकं बुटकी, पण ओढणारी आठ. रुळावर पकड जास्त, म्हणून मालगाडीला. दोघांनाही मागे दोन चाकं, कारण आपल्या हलक्या कोळशाला रुंद भट्टी लागते. घरातसुद्धा धावणारा एक आणि ओझं वाहणारा दुसरा असतो, तसंच हे.

आणि लक्षात कोण राहतं? १९०६ साली सुरू झालेली मुंबई-सुरत फ्लाइंग राणी सगळ्यांना ठाऊक. पण रेल्वेचं पोट भरलं ते मालाने. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे तापी व्हॅली रेल्वे गेली ती खानदेशच्या कापसासाठी. त्या मालगाड्यांना राणीसारखं नाव कुणी दिलं नाही.

त्याच रुळावरून नंतर माणसं आली. उधना, लिंबायतमध्ये आज अहिराणी सहज कानावर पडते. धुळे, जळगाव, नंदुरबारची कितीतरी कुटुंबं इथल्या मागांवर राबतात. कापूस आला, मागून कापूस पिकवणाऱ्यांची नातवंडं आली. शहराच्या इतिहासात त्यांची नोंद मालगाडीइतकीच. ओढणारी चाकं मोजायची म्हटलं, तर त्यांनाही मोजायला हवं ना?