सुरुंग कोणी खणले?

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला, हे आपण शाळेत शिकलो. पण तटाखाली सुरुंग खणणारे हात कोणाचे? वरून तोफा, बंदुका, खाली वाळू. शेवटच्या हल्ल्यात काही सुरुंग उशिरा उडाले आणि भगदाडाकडे धावलेली आपलीच माणसं त्यात गेली. या लढाईत मराठ्यांचे हजारो पडले. चर्चच्या घंटा मात्र वाजतगाजत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर प्रसिद्धच आहे. किल्ल्याजवळ अप्पांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. पण त्या हजारोंच्या घरी निरोप कधी पोचला असेल? मे सरत होता, पाऊस तोंडावर. पेरणी कोणी केली असेल, ते आपल्याला ठाऊक आहे.