सहा वर्षांनी परतलेला वेग : कार्लोस लोपेस

२६ जुलै १९७६, माँट्रियल. ऑलिंपिकच्या १०,००० मीटर शर्यतीत पोर्तुगालचा कार्लोस लोपेस अर्ध्याहून अधिक अंतर एकटाच आघाडी ओढत होता. एकेक प्रतिस्पर्धी मागे पडत गेला. फिनलंडचा लासे विरेन मात्र सावलीसारखा चिकटून राहिला आणि शेवटच्या फेरीच्या तोंडाशी पुढे निघून गेला. लोपेसला रौप्यपदक मिळाले. वेळ २७ मिनिटे ४५.१७ सेकंद. क्रॉस-कंट्रीचे जगज्जेतेपद त्याने त्याच वर्षी मिळवले होते. वय होते २९.

१९७७ च्या जागतिक क्रॉस-कंट्रीत तो दुसरा आला आणि त्यानंतर दुखापतींनी त्याला गाठले. मोठ्या स्पर्धांच्या निकालांतून त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो धावला नाही. तोवर तो ३३ वर्षांचा झाला होता आणि त्या काळी या वयाच्या ट्रॅकवरील धावपटूकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नसे.

दीर्घ खंडानंतरचे पुनरागमन इतके अवघड का असते? शरीराचे सगळे भाग एका चालीने परतत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण. धावणे थांबताच काही आठवड्यांत रक्तद्रवाचे प्रमाण घटते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलू लागते. सराव सुरू झाला की हे नुकसान तुलनेने लवकर भरून निघते. हाडे आणि कंडरा यांचा कारभार मात्र संथ. पूर्वीचा भार पेलण्यास त्यांना कित्येक महिने लागतात. छाती तयार आणि पाय कच्चे, हाच धोक्याचा काळ. दम पुरतो आहे म्हणून धावपटू जुना वेग धरतो आणि जुनीच दुखापत नव्याने ओढवून घेतो. कितीतरी कारकिर्दी पहिल्या दुखापतीने नव्हे, तर या घाईने संपल्या आहेत.

लोपेसची संपली नाही. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचे प्रशिक्षक मारियो मोनिझ परेरा यांच्या हाताखाली तो धावत राहिला. जून १९८२ मध्ये ऑस्लो येथे त्याने १०,००० मीटर अंतर २७ मिनिटे २४.३९ सेकंदांत कापले. हा युरोपीय विक्रम होता. पुढच्या मॅरेथॉन-यशाच्या झगमगाटात ही शर्यत झाकली जाते; पण खरा कलाटणीचा क्षण हाच. माँट्रियलपेक्षा तब्बल वीस सेकंदांनी वेगवान, आणि तेही ३५ व्या वर्षी!

आता त्याने मॅरेथॉनकडे मोर्चा वळवला. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन अर्धवट सोडावी लागली. एप्रिल १९८३ मध्ये रॉटरडॅमला ऑस्ट्रेलियाच्या रॉब डी कॅस्टेलाने त्याला अवघ्या दोन सेकंदांनी मागे टाकले. ट्रॅक मात्र त्याने सोडला नाही. २ जुलै १९८४ रोजी स्टॉकहोममध्ये त्याचाच क्लब-सहकारी फर्नांडो मामेदे याने १०,००० मीटरचा विश्वविक्रम मोडला. त्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या लोपेसची २७ मिनिटे १७.४८ सेकंद ही वेळही जुन्या विश्वविक्रमाहून सरस होती.

लॉस एंजेलिस ऑलिंपिकला थोडेच दिवस उरले असताना लिस्बनमध्ये सराव करताना त्याला मोटारीची धडक बसली. पुन्हा दुखापत, पुन्हा खंड, असेच कोणालाही वाटले असते. सुदैवाने गंभीर इजा झाली नाही.

१२ ऑगस्ट १९८४. डी कॅस्टेला, जपानचा सेको, अमेरिकेचा सालाझार ही नावे चर्चेत होती. लोपेसच्या नावावर तोवर पूर्ण केलेली एकच मॅरेथॉन होती. उन्हाने थकलेल्या त्या शर्यतीत त्याने ३५ ते ४० किलोमीटरचा टप्पा १४ मिनिटे ३३ सेकंदांत पार केला. इतरांचे पाय जड झाले असताना ऑस्लो आणि स्टॉकहोमच्या ट्रॅकवरचा वेग येथे कामी आला. २ तास ९ मिनिटे २१ सेकंद ही त्याची वेळ ऑलिंपिक विक्रम म्हणून २००८ पर्यंत टिकली. पोर्तुगालचे हे पहिलेवहिले ऑलिंपिक सुवर्ण; ३७ वर्षांचा लोपेस ऑलिंपिक मॅरेथॉनचा तोवरचा सर्वांत वयस्क विजेता ठरला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याने लिस्बनमध्येच क्रॉस-कंट्रीचे तिसरे जगज्जेतेपद मिळवले. महिन्याभरात, २० एप्रिल १९८५ रोजी, तो पुन्हा रॉटरडॅमच्या रस्त्यांवर उतरला. यावेळी घड्याळ २ तास ७ मिनिटे १२ सेकंदांवर थांबले. आधीचा विश्वविक्रम ५३ सेकंदांनी मागे पडला होता आणि विक्रमवीराचे वय होते ३८.