जुना डबा टीव्ही फोडू नका, त्यात अजून खेळ शिल्लक आहे

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे डबा टीव्ही खाली उतरतात आणि शे-दोनशे रुपयांत भंगारात जातात. त्याआधी वाचा.

आमच्या गावात टीव्ही दुरुस्तीचं एकच दुकान उरलंय. तिथे हल्ली कॉलेजची पोरं जुने टीव्ही घेऊन येतात. बातम्या बघायला नाही, मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायला. लोक हसतात. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नाही. टीव्हीवर खेळायचं ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे.

राल्फ बेअर नावाचा एक इंजिनिअर होता. हिटलरच्या जर्मनीतून १९३८ मध्ये त्याचं ज्यू कुटुंब अमेरिकेत पळून आलं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बस स्टँडवर सहकाऱ्याची वाट बघताना त्याच्या डोक्यात आलं, की घरोघरी टीव्ही आहेत, पण लोक त्यासमोर नुसते बसतात. त्याच टीव्हीवर खेळता आलं तर? दुसऱ्या दिवशी त्याने चार पानी टिपण लिहिलं. त्यातून १९७२ मध्ये 'ओडिसी' हे घरात खेळायचं पहिलं मशीन बाजारात आलं. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. मैदान दिसावं म्हणून पडद्यावर प्लॅस्टिकचा रंगीत कागद लावायचा आणि गुण आपणच लिहून ठेवायचे!

त्याच १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. म्हणजे तिकडे टीव्हीशी खेळणं सुरू होत होतं, तेव्हा आपण नुकते बघायला लागलो होतो. रंग आले १९८२ मध्ये. खेळ आपल्या गावांत पोचला नव्वदच्या दशकात, तोही नकलेच्या रूपात. जपानच्या निन्टेंडोने १९८३ मध्ये फॅमिकॉन काढला. त्याच्या नकला आपल्याकडे 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी आल्या. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं, आत पाच-पंचवीसच खेळ फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. ज्यांच्याकडे मशीन नव्हतं ते तासावर पैसे देऊन खेळायचे. मीही त्यातलाच.

आता प्रश्न असा, की मोठा एलईडी घरात असताना पोरांना हा डबाच का हवा?

कारण ते खेळ पिक्चर ट्यूबसाठीच बनले होते. ट्यूबमध्ये चित्र एकेक आडवी रेघ काढत तयार होतं. जुनी मशीनं त्यातल्या निम्म्याच रेघा वापरायची, म्हणून मध्ये बारीक काळ्या पट्ट्या दिसतात आणि चित्राला एक मऊपणा येतो. तेच चित्र एलईडीवर ठोकळ्यांसारखं दिसतं. 'डक हंट'ची बंदूक तर एलईडीवर चालतच नाही. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. ट्यूबवर हा उजेड लगेच येतो, सपाट पडद्यावर किंचित उशिरा. तेवढ्यात बदक सुटतं.

टीव्हीचं गेमिंग मशीन करायच्या दोन रीती आहेत. एक, ट्यूब काढून फेकायची आणि खोक्यात एलईडी पडदा बसवायचा. ही रीत मला पटत नाही. दुसरी, टीव्ही तसाच ठेवायचा आणि रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडायचा. २०१२ पासून मिळणाऱ्या या कॉम्प्युटरच्या बऱ्याच मॉडेलांतून थेट एव्ही सिग्नल मिळतो. टीव्हीला एव्हीची भोकं नसतील तर मध्ये मॉड्युलेटर लावून चॅनेल जुळवायचा. खेळांचे हक्क मात्र आजही कंपन्यांकडे आहेत, हे पोरांनी विसरू नये.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. हे काम जुन्या मेकॅनिकचंच.

आता मुद्द्याचं. भंगारात गेलेल्या टीव्हीचं काय होतं? तांब्यासाठी ट्यूब फोडली जाते आणि काच ओढ्याकाठी पडते. या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलो-दोन किलो. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून. जबाबदारी उत्पादकावर आहे. पण ज्या कंपनीचं नावच उरलं नाही, तिचा टीव्ही परत कोण घेणार? आपल्या मराठवाड्यातलंच बघा. चितेगावला टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका सपाट पडद्याचा जमाना येत असताना. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज ट्यूब बनत नाहीत आणि त्या दुरुस्त करणारे हातही म्हातारे झालेत. शिकायला कुणी नाही.

दहा पोरांनी दहा टीव्ही वाचवले म्हणून कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. पण चालणारी वस्तू चालू ठेवणं ही पहिली पायरी, फोडणं शेवटची. आणि त्या निमित्ताने एखादं पोरगं मेकॅनिकच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकत असेल तर तो फायदा वेगळाच.

म्हणून दोन मागण्या. नगरपालिकेने दिवाळीआधी एक दिवस ई-कचऱ्याची गाडी फिरवावी आणि जमा झालेलं अधिकृत रिसायकलरकडेच द्यावं. आणि तुम्ही, टीव्ही चालत असेल तर भंगारवाल्याआधी दुरुस्तीच्या दुकानात विचारा.

तुमच्या घरी कुठला टीव्ही होता, त्यावर काय खेळलात, खाली लिहा. आणि कुणाच्या माळ्यावर चालू टीव्ही पडून असेल तर तेही सांगा, घेणारी पोरं आहेत.