३०० चा प्लॅन, पण कॉम्प्युटरवर स्पीड ९४ च का? स्विचमध्ये अडकलेला वेग शोधायचा कसा?

घरी फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की २८० च्या पुढे आकडा दिसतो. आतल्या खोलीत वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर तीच टेस्ट केली, तर ९४. पुन्हा केली, ९४. रात्री दोन वाजता सगळे झोपल्यावर केली, तरी ९४.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. नेटवाल्याला फोन करून भांडतात किंवा ५०० चा प्लॅन घेतात. या केसमध्ये दोन्हींचा उपयोग नाही. कंपनीकडून ३०० येतायत, ते घरातच अडतायत. आणि कुठे अडतायत याचा पत्ता त्या ९४ या आकड्यातच आहे.

हा पत्ता वाचायचा कसा, ते बघू. घराबरोबरच ऑफिस, अभ्यासिका, सायबर कॅफे, महा ई-सेवा केंद्र अशा एका लाइनवर बरेच कॉम्प्युटर चालणाऱ्या ठिकाणांना हे जास्त लागू आहे. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी फोटो आणि सही अपलोड होत नसेल, तर त्यात कुणाचं तरी वर्ष अडकलेलं असतं.

स्विच म्हणजे काय?

इलेक्ट्रिकच्या बटणाशी याचा संबंध नाही. राउटरपासून एक वायर येते आणि तिच्यावर पाच, आठ, सोळा किंवा चोवीस उपकरणं जोडायची असतात. ते काम करणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. कोणता डेटा कोणत्या पोर्टवर पाठवायचा हे तो ठरवतो. साध्या स्विचला कसलीही सेटिंग नसते, प्लग लावला की चालू. 'मॅनेज्ड' किंवा 'स्मार्ट' स्विचमध्ये मात्र प्रत्येक पोर्टला किती वेग द्यायचा हे ठरवता येतं. पुढच्या अर्ध्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

९४ च का? १०० का नाही?

कुरिअरवाला पार्सलचं वजन करतो तेव्हा खोक्याचं वजनही त्यात धरतो. नेटवर्कमध्येही तसंच होतं. डेटा छोट्या पाकिटांतून जातो आणि नेहमीच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. त्याभोवती पत्ता, तपासणीचा कोड आणि पुढच्या पाकिटाआधीची मोकळी जागा धरली की वायरवर १५३८ बाइटची जागा लागते. आतल्या १५०० मधलेही किमान ४० बाइट पत्त्यांमध्येच जातात, बऱ्याचदा आणखी १२ वेळेच्या नोंदीत. तुमच्या फाइलच्या वाट्याला येतात १४४८ ते १४६०. भागाकार केला की ९४ ते ९५ टक्के.

म्हणून १०० एमबीपीएसची जोडणी स्पीड टेस्टमध्ये ९४ दाखवते, १ जीबीपीएसची ९४० च्या आसपास आणि १० ची साडेनऊच्या खाली. आकडा ९४ वर येऊन भिंतीला टेकल्यासारखा स्थिर राहत असेल, तर राउटर ते कॉम्प्युटर या वाटेत कुठेतरी १०० ची जोडणी आहे. गर्दीमुळे कमी झालेला वेग असा स्थिर राहत नाही. तो कधी ६०, कधी १३०, कधी ९० असा नाचतो.

(डाउनलोडच्या खिडकीत ११.७ दिसतंय म्हणून घाबरू नका. तिथे बिट नाही, बाइट मोजतात. ९४ ला ८ ने भागा.)

१०० ची जोडणी लपते कुठे?

पहिला संशय स्विचवर. १०० एमबीपीएसचे स्विच आजही दुकानात मिळतात आणि खोक्यावर '१०/१००' असं लिहिलेलं असलं तरी ते बारीक अक्षरांत असतं. मॉडेलच्या नावावरूनही ओळखता येतं. डी-लिंकचे 'डीईएस' नावाचे स्विच १०० वाले, 'डीजीएस' गिगाबिट. टीपी-लिंकच्या जुन्या मालिकेत 'एसएफ' म्हणजे १००, 'एसजी' म्हणजे गिगाबिट. नेटगिअरमध्ये 'एफएस' आणि 'जीएस'. एका अक्षराचा फरक आहे, पण त्या अक्षरामुळे दोनशे एमबीपीएस जातात. तुमचा स्विच १०० चा निघाला तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका, तो बदलणं हाच उपाय.

दुसरा संशय वायरवर. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जॅक क्रिम्प करताना निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही, उंदराने कुरतडली, दारात चेपली, तर बहुतेक उपकरणं तक्रार न करता गुपचूप १०० वर उतरतात. नेट 'चालू' असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. वायरिंग करताना केबल वाचवायची म्हणून एकाच केबलच्या दोन जोड्या एका खोलीला आणि दोन दुसऱ्या खोलीला देण्याची 'आयडिया'ही काही जण करतात. त्या दोन्ही खोल्या कायमच्या १०० वर राहतात.

तिसरा संशय फारसा कुणाला येत नाही, तो खुद्द राउटरवर. कंपनीने दिलेल्या काही मॉडेल्समध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची १०० ची. वाय-फायवर २८० आणि वायरवर ९४ हे कोडं अनेकदा इथेच सुटतं. वायर काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावली की काम झालं.

तपासायचं कसं? विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात 'इथरनेट'वर गेलात की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००/१०० असेल तर संशय पक्का. मग लॅपटॉप थेट राउटरला लावा आणि १००० येतो का बघा. आला, तर मध्ये एकेक वस्तू वाढवत जा: आधी केबल, मग स्विच, मग भिंतीतली वायर. ज्या पायरीला १००० चे १०० झाले, ती वस्तू दोषी. दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर नेट सुधारेल पण कशामुळे ते कळणार नाही.

वेग कुणी मुद्दाम बांधलाय का?

आता मॅनेज्ड स्विचकडे येऊ. समजा, एका सेवा केंद्रात बारा कॉम्प्युटर आहेत आणि लाइन १०० एमबीपीएसची आहे. एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीचे अकरा बसून राहतात. म्हणून केंद्रचालक प्रत्येक पोर्टवर १० एमबीपीएसची मर्यादा लावतो. विचार बरोबर आहे. पण दुसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार येते: व्हिडिओ मस्त चालतोय, पण कागदपत्रं अपलोड होत नाहीत.

इथे दिशेची गल्लत झालेली असते. स्विचच्या मेनूमध्ये 'इनग्रेस' आणि 'इग्रेस' असे दोन रकाने असतात. इनग्रेस म्हणजे आत येणारं आणि इग्रेस म्हणजे बाहेर जाणारं, पण कुणाच्या आत? स्विचच्या. कॉम्प्युटरने अपलोड केलेला डेटा स्विचच्या पोर्टमध्ये आत येतो, म्हणून अपलोड म्हणजे इनग्रेस. डाउनलोड स्विचमधून बाहेर पडून कॉम्प्युटरकडे जातो, म्हणून तो इग्रेस. आपण खुर्चीत बसून विचार करतो तेव्हा हे नेमकं उलटं वाटतं. फक्त इनग्रेसवर मर्यादा लावली तर डाउनलोड मोकाट सुटतो आणि अपलोड बांधला जातो, म्हणजे हवं होतं त्याच्या अगदी उलट.

हीच मर्यादा चुकून राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर लागली, तर दिशा पुन्हा पालटतात आणि १० एमबीपीएस बाराही जणांत वाटले जातात. एककही बघा. बऱ्याच स्विचमध्ये हा आकडा केबीपीएसमध्ये भरायचा असतो, तिथे १० साठी १०००० लिहावं लागतं.

मर्यादा १० ची, मिळतात मात्र ३ किंवा ४

दिशा बरोबर, आकडा बरोबर, तरी वेग मर्यादेच्या निम्म्यावरही पोचत नाही. यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. स्विच खराब झाला असं समजून बदलतातही. खरं कारण असतं 'बर्स्ट' नावाच्या एका सेटिंगमध्ये.

मर्यादा लावलेल्या पोर्टवर एक बादली आहे असं समजा. नळातून तिच्यात १० एमबीपीएसच्या गतीने पाणी पडतंय. प्रत्येक पाकीट जाताना आपल्या आकाराएवढं पाणी घेऊन जातं. बादलीत पाणी नसेल तर पाकीट टाकून दिलं जातं. बादलीचा आकार म्हणजे बर्स्ट.

गोम अशी की कॉम्प्युटर पाकिटं ठरावीक अंतराने पाठवत नाही. त्याची वायर गिगाबिटची आहे, तो पूर्ण वेगाने एक झुंड सोडतो, थांबतो, पुन्हा झुंड सोडतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५६० सारख्या जुन्या स्विचवर बर्स्टची किमान किंमत ८००० बाइट आहे. म्हणजे पूर्ण आकाराची जेमतेम पाच पाकिटं. गिगाबिट वेगाने ८००० बाइट जायला ६४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात नळातून काही थेंबच पडलेले असतात, त्यामुळे सहावं पाकीट कचऱ्यात.

पाकीट हरवलं की टीसीपी, म्हणजे फाइल पोचवण्याची जबाबदारी घेणारा नियम, रस्त्यात गर्दी आहे असं समजतो आणि वेग झटकन खाली आणतो. मग हळूहळू वाढवतो, पुन्हा बादली रिकामी होते, पुन्हा पाकीट पडतं, पुन्हा ब्रेक. सरासरी काढली तर वेग १० च्या आसपासही फिरकत नाही.

बादली किती मोठी हवी? राउटरवर अशी मर्यादा लावताना सिस्को जो जुना हिशोब सांगायची, तो मला सुरुवातीला सोयीचा वाटतो: ठरवलेल्या वेगाने दीड सेकंदात जेवढे बाइट जातील तेवढा बर्स्ट. १० एमबीपीएससाठी तो १८,७५,००० बाइट होतो. ८००० शी तुलना करून बघा! प्रत्येक स्विच एवढा मोठा आकडा घेत नाही (वर सांगितलेला स्विच १० लाखांवर थांबतो), त्यामुळे बर्स्ट टप्प्याटप्प्याने वाढवत मोजायचं.

पाकीट फेकून देण्याच्या या पद्धतीला 'पोलिसिंग' म्हणतात. दुसरी पद्धत 'शेपिंग'. टोलनाक्यावर जागा नाही म्हणून गाडी परत पाठवणं आणि गाडीला रांगेत उभं करणं, एवढाच दोन्हींतला फरक. शेपिंगमध्ये थोडा उशीर होतो, पण वेग मर्यादेच्या जवळ जाऊन टिकतो. तुमच्या स्विचमध्ये बाहेर जाणाऱ्या दिशेला शेपिंगची सोय असेल, तर डाउनलोडसाठी तीच वापरा.

दोष बर्स्टचाच आहे हे सिद्ध कसं करायचं?

स्पीड टेस्टच्या साइटवरून हे कळणार नाही, कारण त्यात बाहेरचं सगळं इंटरनेट मिसळलेलं असतं. 'आयपर्फ ३' हा मोफत प्रोग्रॅम दोन कॉम्प्युटरवर टाका. एक मर्यादा लावलेल्या पोर्टवर, दुसरा त्याच स्विचच्या मोकळ्या पोर्टवर. आधी साधी टीसीपी चाचणी घ्या, मग उलट दिशेची. दोन्ही दिशांचे आकडे वेगळे आले तर मर्यादा नेमकी कोणत्या बाजूला लागली आहे ते समोर येईल.

त्यानंतर यूडीपी चाचणी ९ एमबीपीएस ठरवून घ्या. हा आकडा हाताने द्यावाच लागतो. न दिल्यास आयपर्फ यूडीपीला फक्त १ एमबीपीएस पाठवतो आणि 'अरे, स्विचच खराब!' असा भलताच निष्कर्ष निघतो. यूडीपीमध्ये पाकिटं बऱ्यापैकी सारख्या अंतराने जातात आणि एखादं हरवलं तरी पाठवणारा ब्रेक लावत नाही. यूडीपीचे ९ च्या ९ पोचतायत आणि टीसीपी ३ वर रखडलाय, तर बादली लहान आहे.

पिंग चांगलं, पण फाइल जात नाही

हे लक्षण वेगळं आहे. कुणीतरी स्विचच्या पोर्टवर वेग '१०० फुल डुप्लेक्स' असा हाताने पक्का केलेला असतो आणि कॉम्प्युटर 'ऑटो'वर असतो. समोरून बोलणी होत नाहीत म्हटल्यावर कॉम्प्युटर हाफ डुप्लेक्स धरतो. एक बाजू एकाच वेळी बोलते आणि ऐकते, दुसरी बाजू आळीपाळीने. पिंगसारखी छोटी पाकिटं निसटून जातात, मोठी फाइल घेतली की टक्कर सुरू. स्विचच्या आकडेवारीत सीआरसी एरर वाढताना दिसतात. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा, प्रश्न मिटतो.

आणि कधीकधी बिघाड नसतोच. चोवीस गिगाबिट पोर्टच्या स्विचमधून राउटरकडे एकच गिगाबिट वायर जात असेल आणि सगळे एकदम कामाला लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४० एमबीपीएस येणार.

मग कंपनीला फोन कधी करायचा?

लॅपटॉप थेट राउटरच्या गिगाबिट पोर्टला लावलाय, लिंक स्पीड १००० दिसतोय, वाय-फाय बंद आहे, महिन्याची डेटा मर्यादा संपलेली नाही, आणि तरीही सकाळी, संध्याकाळी, रात्री आकडा ३०० च्या बराच खाली राहतो. आता तक्रार करा. टेस्ट जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर घ्या, लिंक स्पीड आणि टेस्टचा निकाल एकाच स्क्रीनशॉटमध्ये ठेवा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. 'तुमच्या घरातल्या वायरिंगचा प्रॉब्लेम असेल' हे उत्तर आलंच, तर तो स्क्रीनशॉट पाठवा.