अणुऊर्जा नियामक मंडळ

अणुऊर्जा नियामक मंडळ हे भारतातील अणुवीज केंद्रांच्या व किरणोत्सारी साधनांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारे मंडळ होय. अणुऊर्जा कायदा, १९६२ अन्वये १५ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याची स्थापना झाली. मुख्यालय मुंबईत आहे. गावातील दवाखान्याच्या क्ष-किरण यंत्रालाही याच मंडळाचा परवाना लागतो.

मंडळाच्या स्वायत्ततेविषयी दीर्घकाळ वाद आहे. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुवीज केंद्रे ज्याच्या अखत्यारीत येतात त्या अणुऊर्जा विभागाचे सचिव, अशी ही रचना होती. थोडक्यात, परीक्षार्थ्याच्याच घरचा परीक्षक. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी या रचनेवर जाहीर टीका केली. मार्च २०११ मधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील नियोजित जैतापूर प्रकल्पाला स्थानिक मच्छीमार व बागायतदारांचा विरोध तीव्र झाला; १८ एप्रिलला पोलीस गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. त्याच वर्षी स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले, पण २०१४ मध्ये ते लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. दरम्यान २०१२ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीही मंडळाच्या दुबळ्या अधिकारांवर बोट ठेवले होते. मंडळाला वैधानिक दर्जा देणारे शांती विधेयक संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केले.